अंथुर्ण्याचा मुक्काम

बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या सडकेनें भवानीनगर, बेलवाडी, लासुर्णें हीं गांवें मागें टाकलीं म्हणजे अंथुर्णें लागतें. "मुद्दाम उतरून पाहावें असें आमच्या गांवांत कांहीं नाहीं," असें तेथील मंडळीच आधीं सांगून मोकळी होतात. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी पोंचतें तेथवर ऊंस, आणि पाणी संपलें कीं कुसळाचा माळ, हें या भागाचें जुनें रूप. साखरेच्या हंगामांत रस्त्यावर उंसाच्या गाड्यांची रीघ असते; एरव्हीं सारें संथ. वर्षांतून एका रात्रीं मात्र हा संथपणा पार मोडतो. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बेलवाडीचें गोल रिंगण आटोपून येथें मुक्कामास येते, आणि माळावर पाहतां पाहतां राहुट्यांचें शहर उभें राहतें.

माझ्या मावसबहिणीचें सासर या गांवीं आहे. मेहुणे बारामतीस वकिली करीत. आतां अशील आणि तारखा दोन्ही सोडून शेतीकडे पाहतात. त्यांच्या वाड्यांत दर वर्षीं धाराशिवाकडील एक दिंडी उतरते. यंदां मीही त्या सुमारास जाऊन पोंचलों. ओसरीवर टाळांच्या जोड्या, चौकांत वाळत घातलेलीं लुगडीं, आणि चुलवणावरील पिठल्याचा वास, असा तो थाट होता. ताई मोजमाप न करतां भाकऱ्या वाढीत होती. किती माणसें जेवलीं असें तिला विचारलें, तर "मोजूं नये" एवढेंच म्हणाली.

दिंडींत एक आजी होत्या. ऐंशी ओलांडून बरींच वर्षें झालेलीं. चालणें आतां होत नसल्यामुळें सामानाच्या ट्रकांत बसून येतात आणि मुक्कामावर आधीं पोंचल्याचा पश्चात्ताप करीत बसतात. रात्रीं निजानीज होतांना गडी परसाच्या दाराला अडसर घालूं लागला, तों आजी उठून बसल्या. "मागलं दार लावू नको, लेकरा. नुसतं लोटून ठिव." कोणी हंसलें. ताई हंसली नाहीं. तिनें अडसर काढून भिंतीशीं उभा केला आणि आजींच्या उशाशीं येऊन बसली.

आजींचें माहेर बार्शीच्या पलीकडे, त्या वेळच्या निजामच्या हद्दींत. बार्शी मुंबई इलाख्यांत, आणि कांहीं कोसांवर हैदराबाद संस्थानाची सीमा. १९४८ सालीं त्या आठ वर्षांच्या होत्या. उन्हाळ्यापासून रझाकारांच्या टोळ्या गांवांत येत. धान्य नेत, पैका मागत, कोणी आडवें बोललें तर गंजी पेटवीत. एके दिवशीं तिन्हीसांजेला शेजारचा अत्तार परसाच्या दारीं आला आणि वडिलांना म्हणाला, "आज रातच्याला निघा." तो मुसलमान, आणि रझाकारांच्या बैठकींत त्याचा चुलता. मंडळी मागल्या दारानें निघालीं. ओढ्याच्या पात्रांतून चालत पहांटेस बार्शीच्या बाजूस लागलीं. दसऱ्यानंतर परत आलीं, तेव्हां घराचें छप्पर गेलेलें होतें. भिंती शाबूत होत्या.

"आन अत्तार?" ताईनें विचारलें.

आजी बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "त्याला मारला. फौज आल्यावर, चार दिसांनी. रझाकारानं न्हाई, आमच्याच गावातल्यानं. कुनी मारला त्ये समद्यांना ठावं हुतं. मला बी."

"कोणी विचारायला आलें नाहीं?"

"कोन येतंय, माय! आन आलं असतं तरी बा नं मला बोलू दिलं नसतं. त्याला त्याच गावात ऱ्हायाचं हुतं."

वारकरी निजले, तरी मला झोंप येईना. मेहुणे ओसरीवर सुपारी कातरीत बसले होते. मीं त्यांना विचारलें कीं, त्या साऱ्या प्रकरणांत कोणाला शिक्षा झाली तरी काय? कायद्याचा विषय निघाला कीं या माणसाची झोंप पळते हें मला ठाऊक होतें.

रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील. "आमच्याच धंद्यांतला," मेहुणे कडवटपणें म्हणाले. १३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौजा सोलापूरकडून नळदुर्गावर चालून गेल्या, आणि पांच दिवसांत संस्थान शरण आलें. निजामाच्या सरकारनें आपली तक्रार राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढें नेली होती. पॅरिसला तिची बैठक १६ तारखेला भरली, आणि तेथें भाषणें संपण्यापूर्वींच इकडे सारें आटोपलें. रझवी पकडला गेला. खास न्यायमंडळापुढें त्याच्यावर खटले उभे राहिले. 'इमरोज' या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनीं रझाकारांविरुद्ध लिहिलें म्हणून ऑगस्ट १९४८ मध्यें हैदराबादच्या रस्त्यावर त्यांचा खून झाला होता. त्या खुनाचा आरोप वरिष्ठ न्यायालयांत टिकला नाहीं. टिकला तो बीबीनगरचा. १० जानेवारी १९४८ ला त्या लहानशा स्टेशनावर रझवीच्या गाडीसमोर गांवकऱ्यांनीं महात्मा गांधींचा जयजयकार केला, आणि त्याचा सूड म्हणून रझाकारांनीं गांव लुटलें, असा तो आरोप होता.

"कलम कोणतें, सांगा पाहूं?" मेहुण्यांनीं अडकित्ता खालीं ठेवला. "दरोडा! अवघ्या संस्थानाला वर्षभर धाक घालणाऱ्या माणसाला सजा झाली ती दरोड्याची. सात वर्षें." सर्वोच्च न्यायालयानें १९५३ च्या जानेवारींत बहुमतानें ती कायम ठेवली. शिक्षेचा कांहीं काळ त्यानें आपल्या येरवड्याच्या तुरुंगांत काढला, १९५७ सालीं सुटला, पाकिस्तानांत गेला, आणि १९७० सालीं कराचीस वारला.

मला हें त्या वेळीं हास्यास्पद वाटलें. त्याच वर्षीं टोकियोस आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढें जपानचे प्रधान आणि सेनापती उभे होते. १२ नोव्हेंबर १९४८ ला पंचवीस जणांना शिक्षा फर्मावल्या गेल्या आणि त्यांतले सात जण डिसेंबरांत फांशीं गेले. तेथें 'मानवतेविरुद्ध अपराध' असे भारदस्त शब्द होते. इकडे एक दरोडा! पण मेहुण्यांचें मत वेगळें. त्यांचें म्हणणें, मोठ्या शब्दांना मोठा पुरावा लागतो. दरोड्याला स्टेशनमास्तर आणि लुटलेला गांवकरी पुरे. टोकियोच्या खटल्यांतसुद्धां आपले राधाविनोद पाल यांनीं अत्याचार झाले हें मान्य करूनही सर्व आरोपींना दोषमुक्त ठरविणारा निराळा निकाल लिहिला होता. जेत्यांनींच न्यायाधीश व्हावें हें त्यांना पटलें नाहीं. मला पालांचा निकाल पुरता पटत नाहीं, आणि तें मीं तेथेंही सांगितलें. मारणारा जिंकलेल्या पक्षानें पकडला म्हणून मेलेला कांहीं कमी मेलेला नसतो.

मग मेहुण्यांनीं दुसरा खटला सांगितला, आणि माझा आवाज खालीं आला. वरंगळचे सुभेदार हबीब महंमद. म्हणजे साधा टोळीवाला नव्हे, सरकारचा मोठा अधिकारी. १९४७ च्या अखेरीस गुर्तूर नांवाच्या गांवीं पोलीस आणि रझाकार घेऊन ते गेले, गोळीबार आणि जाळपोळ करविली, असा आरोप. खालच्या न्यायालयानें दोषी ठरविलें. ५ ऑक्टोबर १९५३ ला सर्वोच्च न्यायालयानें सोडून दिलें. कां? तर त्या प्रसंगीं त्यांच्याबरोबर असलेला वरिष्ठ पोलीस अधिकारी, ज्याला सारें ठाऊक असावयाचें, त्याला सरकारनें साक्षीस आणलेंच नव्हतें. "निकाल बिनचूक आहे," मेहुणे म्हणाले. "मी असतों तरी हाच दिला असता. पण गुर्तूरच्या माणसांना तो कसा समजावून सांगायचा, हें मला चाळीस वर्षें वकिली करून उमगलें नाहीं."

आंत आजी खोंकल्या. आम्ही दोघेही गप्प झालों.

अत्तारासारख्यांच्या बाबतींत तर खटल्यापर्यंत गोष्ट फारशी गेलीच नाहीं. नेहरूंनीं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना संस्थानांत हिंडून पाहावयास धाडलें. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत ते गांवोगांव फिरले. फौजा आल्यावर निदान सत्तावीस ते चाळीस हजार माणसें मारलीं गेलीं, असा त्यांचा अंदाज. सर्वांत अधिक हानि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत. लातूर तेव्हां उस्मानाबादेंतच होतें. तो अहवाल त्या वेळीं छापला गेला नाहीं; २०१३ च्या सुमारास तो लोकांच्या पाहण्यांत आला. तोंवर सांगणारे बहुतेक गेले होते. रझाकारांच्या जुलुमाच्या कथा आपण मुक्तिसंग्रामदिनीं सांगतों, आणि त्या सांगावयासच हव्यात. या दुसऱ्या कथेला मात्र कोणताच दिन नाहीं. हेगला २००२ पासून कायमचें आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय बसलें आहे. आपला देश त्यांत सामील नाहीं, आणि त्याला १९४८ पर्यंत मागें पाहण्याचा अधिकारही नाहीं.

पहांटे चारलाच चौक जागा झाला. आजींचें स्नान आटोपलेलें होतें. कपाळीं बुक्का लावून त्या पिशवीचें तोंड बांधीत होत्या. मीं धीर करून विचारलें, "आजी, त्या अत्ताराचें नांव काय होतें?"

त्यांनीं नांव सांगितलें. मग त्याच्या दोन मुलींचींही सांगितलीं. धाकटी त्यांच्या बरोबरीची, दोघी मिळून चिंचोके खेळत. मारणाऱ्याचें नांव मीं विचारलें नाहीं. तें त्यांनीं आपण होऊन, ताईच्या कानाशीं लागून, सांगितलें. ताईनें मान हलवली, त्यांच्या हातांत शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला, आणि त्यांना हात धरून ट्रकांत चढविलें.

पालखी शेळगांवच्या वाटेनें निमगांव केतकीकडे निघाली. उन्हें वर येईपर्यंत माळ रिकामा झाला होता. चुलींचे दगड, पत्रावळी आणि चिखलांत उमटलेलीं पावलें तेवढीं उरलीं. परसाचें दार तसेंच लोटलेलें होतें. गडी अडसर घालावयास गेला, तेव्हां ताई म्हणाली, "राहूं दे आज."