तारा न पोचलेलं घर

मुलांनो, महाबळेश्वर तुमच्यापैकी बऱ्याचजणांनी पाहिलं असेल. स्ट्रॉबेरी खाल्ली असेल, घोड्यावरही बसला असाल. पण तिथून घाट उतरून पंचवीसेक किलोमीटरवरच्या तापोळ्याला किती जण गेलात? कोयना धरणाचं पाणी इथवर पसरलं आहे. त्या जलाशयाला शिवसागर म्हणतात. तापोळ्याहून लाँचमध्ये बसायचं, पलीकडच्या काठाला उतरायचं आणि मग समोरचा डोंगर चढायला लागायचं. पायवाट करवंदीच्या जाळ्यांतून जाते. घाम निथळतो, पाय भरून येतात. आणि एकदम कुत्रं भुंकतं! समजायचं, धनगरवाडा आला.

वाडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर दिंडीदरवाजा आणि चौक आला असेल. तसलं इथे काही नाही हं. डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर अंतराअंतराने बांधलेली चार-सहा घरं, म्हणजे धनगरवाडा. इथले गवळी धनगर मेंढरं नाही, तर म्हशी पाळतात. सह्याद्रीच्या माथ्यावर असे किती तरी वाडे आहेत. काहींना आता वीज मिळाली आहे. पण चार घरांसाठी जंगलातून, कडेकपारीतून खांब न्यायचे म्हणजे खर्च फार, आणि अभयारण्यात परवानगीही लागते. त्यामुळे काही घरांपर्यंत तारा अजून गेलेल्याच नाहीत. आज अशाच एका घरी आपण पाहुणे म्हणून जायचं आहे.

भिंती रानातून येतात

दारात आजी उभी असते. "या रं लेकरांनू, उन्हातनं आलाय. आदी ताक घ्या," असं म्हणत ती तांब्या पुढे करते. ताक पिता पिता जरा घराकडे बघा. भिंती विटांच्या नाहीत. कारवी नावाचं झुडूप सह्याद्रीत रानोमाळ उगवतं. सात वर्षांतून एकदा ते फुलतं आणि डोंगर जांभळे होतात. त्याच्या सरळ काठ्या उभ्या करून, बांधून कूड करायचा आणि वर शेणमातीचा गिलावा द्यायचा. झाली भिंत! उन्हाळ्यात ती गार राहते. कुठे पोपडा निघाला तर मूठभर शेणमाती लावली की काम भागलं. पूर्वी छपरावर गवत असायचं, आता बहुतेक ठिकाणी पत्रे किंवा कौलं दिसतात.

त्याच छपराखाली एका बाजूला म्हशींचा गोठा असतो. थंडीपावसात जनावरं डोळ्यांसमोर राहतात आणि रात्री बिबट्याची भीती कमी होते.

पाण्याचं वजन किती?

तुमच्या घरी नळ सोडला की पाणी येतं. त्याला वजन असतं हे आपल्या ध्यानातही येत नाही. इथे मात्र ते डोक्याला कळतं! एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हंडा आणि वर कळशी मिळून वीस लिटर धरलं, तर वीस किलो पाणी झालं, आणि भांड्यांचं वजन वेगळंच. ते घेऊन झऱ्यापासून घरापर्यंत चढ चढायचा. एप्रिल-मे महिन्यांत झरा बारीक होतो, तेव्हा वाटी-वाटीने हंडा भरावा लागतो.

आता गणित करा. खेड्यातल्या घरी माणशी रोज निदान ५५ लिटर पाणी मिळावं, असं २०१९ साली सुरू झालेल्या सरकारच्या जलजीवन मिशनने ठरवलं आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर झाले. वीस-वीस लिटरच्या किती खेपा? चौदा! इतक्या खेपा रोज कोण घालणार? मग पाच-सहा खेपांत भागवायचं. कसं, ते बघा.

तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीच्या आंबोणात जातं. भांडी आधी कोरड्या राखेने घासायची, मग थोडक्या पाण्यात विसळायची. ते पाणी दारच्या केळीला जातं. अंघोळीचा दगड मुद्दामच भोपळ्याच्या वेलाशेजारी टाकलेला असतो. माणूस न्हातो आणि वेलालाही पाणी मिळतं. म्हशींना मात्र हंड्यातलं पाणी मिळत नाही. त्यांनी स्वतः पाणवठ्यावर जायचं!

चूल एक, कामं सात

स्वयंपाकघरात वाकूनच शिरा, नाहीतर डोकं आपटेल. चुलीच्या शेजारी तिला जोडलेलं आणखी एक तोंड दिसतं ना? तो वैल. चुलीचा उरलेला जाळ तिकडे वळतो. तव्यावर नाचणीची भाकरी पडते, तोवर वैलावर आमटी रटरटत असते. ही झाली दोन कामं. स्वयंपाक उरकला की त्याच धगीवर अंघोळीचं पाणी तापतं, हे तिसरं. पावसाळ्यात चुलीभोवती ओले कपडे वाळतात, हे चौथं. वर आढ्याला मक्याची कणसं आणि भोपळ्याच्या बिया टांगलेल्या असतात. त्या धुराने राखल्या जातात, कीड फिरकत नाही. पुढच्या वर्षीचं बियाणं असं जपलं जातं, हे पाचवं.

रात्री निजताना आजी दोन-तीन जाड निखारे राखेखाली पुरून ठेवते. सकाळी राख बाजूला केली, वर पातेरा टाकला आणि फुंकणीने फुंकर घातली की भप्पकन् जाळ! काडी वाचली. हे सहावं. आणि उरलेली राख? भांडी घासायला आणि शेतात टाकायला. सातवं काम! या घरात टाकून द्यायचा डबाच नसतो, कारण टाकण्यासारखं फारसं काही उरतच नाही. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात. (तुमची आजी तिलाच गोधडी म्हणत असेल.) ती विरली की तिचंच पायपुसणं होतं.

फ्रीज नाही, मग दूध?

घरात म्हशी, म्हणजे दूध भरपूर. पण फ्रीज नाही आणि बाजार लांब. मग दूध नासत असेल, नाही का? छे! रात्री दुधाला विरजण लावायचं, सकाळी दही. रवीने घुसळलं की वर लोणी आणि खाली ताक. ताक घरात आणि पाहुण्यांच्या पोटात जातं. लोणी कढवलं की तूप. लोण्यातलं पाणी उडून गेलेलं असल्यामुळे तूप महिनोन् महिने टिकतं. एका दिवसाचं दूध अशा तऱ्हेने काही महिन्यांचं होतं. कुठे दूध आटवून खवाही करतात. डोक्यावरून बाजारात न्यायला तूप आणि खवा दुधापेक्षा हलका, आणि दाम जास्त.

धान्याचीही तीच गोष्ट. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी पिकते. नाचणीला सहसा कीड लागत नाही. नीट ठेवली तर ती वर्षानुवर्षं टिकते. आणि साठवण तर हवीच! या भागात पावसाळ्यात ढग घरात शिरतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चार महिने वाटा निसरड्या, ओढे दुथडी. म्हणून मे महिन्यातच पावसाची बेगमी होते. वळचणीला लाकडं रचायची. मीठ, मिरची, कांदे, आमसुलं, सुकट, काड्यापेट्या भरून ठेवायच्या. विसरलात तर कोपऱ्यावर दुकान नाही!

दिवेलागण

सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात. पूर्वी रॉकेलची चिमणी किंवा कंदील असायचा. आता पुष्कळ ठिकाणी छपरावर सौर पाटी दिसते. समजा, त्यावर नऊ वॅटचा एक दिवा पाच तास चालला. त्याला लागतात ४५ वॅट-तास. तुमच्या न्हाणीघरातला २,००० वॅटचा गीझर पंधराच मिनिटं लावला, तर ५०० वॅट-तास गेले. म्हणजे तुमच्या एका अंघोळीत या घरातला दिवा अकरा दिवस जळेल!

आता दारात येऊन खाली बघा. चांदण्यात चमकतं आहे ते शिवसागराचं पाणी. हेच पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे कोसळतं आणि जनित्रं फिरवतं. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. नऊ वॅटचे एकवीस कोटींहून जास्त दिवे एकाच वेळी लागतील इतकी! कारखाने चालतात, शहरं उजळतात. आणि त्याच पाण्याच्या काठावरच्या डोंगरात एखादं घर अंधारात बसतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

काटकसर आणि टंचाई

इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल, "वा, काय मजेचं घर आहे! आपणही असंच राहावं." पण थांबा. दोन दिवस पाहुणा म्हणून राहणं वेगळं आणि जन्मभर राहणं वेगळं.

चुलीजवळ बसल्यावर तुमचे डोळे चुरचुरले ना? आजीचे डोळे आयुष्यभर चुरचुरत आले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे होणाऱ्या आजारांनी जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. वाड्यावर कुणी आजारी पडलं तर गाडी दारात येत नाही. माणसांनी खांद्यावर झोळी घेऊन डोंगर उतरायचा. आणि ते पाच-सहा हंडे आणतं कोण? आई आणि ताई. ताई तुमच्याच वयाची आहे. सकाळच्या खेपा करून ती शाळेला डोंगर उतरते, संध्याकाळी चढून येते, की पुन्हा हंडा तयार. त्या नऊ वॅटच्या दिव्याखाली तिला अभ्यासाला मिळतो तेवढाच वेळ तिचा स्वतःचा.

२८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लेइसांग गावाला वीज मिळाली आणि देशातल्या सगळ्या गावांत वीज पोचल्याचं सरकारने जाहीर केलं. पण गावातल्या शंभरपैकी दहा घरांना वीज मिळाली की गाव विजेचं धरलं जायचं. उरलेल्या घरांचं काय, हा प्रश्न ताईसारख्यांनी विचारला तर त्यांचं काय चुकलं?

मुलांनो, काटकसर आणि टंचाई दिसायला सारख्या असल्या तरी एक नाहीत. एकाच पाण्यात भांडी विसळून केळ जगवणं ही काटकसर. ती शहाणपणाची आहे, आणि नळ आला तरी सोडू नये. पण त्या पाण्यासाठी शाळा बुडणं ही टंचाई. तिचं कौतुक करायचं नसतं, तिला घालवायचं असतं. पाटाने किंवा पाइपाने झऱ्याचं पाणी दारात यावं, निर्धूर चूल यावी, आणखी दोन दिवे यावेत. एवढ्याने आजीचं शहाणपण काही कमी होणार नाही!

येत्या रविवारी एक करा. वही घ्या आणि सकाळपासून रात्रीपर्यंत तुमच्या घरात किती लिटर पाणी लागलं ते लिहून काढा. आईबाबांनाही मोजणीत घ्या. बेरीज झाली की तिला वीसने भागा. तेवढ्या खेपा तुमच्या घरी कोणाला घालाव्या लागल्या असत्या, याची मग सगळ्यांनी मिळून वाटणी करा. ताईचं नाव आपोआप पुढे येतं का, तेवढं मात्र नीट बघा!