आजीचा हललेला फोटो

मुलांनो, आणि मुलांना वर्गात सोडून पार्किंगमध्ये चहाचा थर्मास घेऊन बसणाऱ्या पालकांनो, नमस्कार!

गेल्या महिन्यात घर आवरताना आमच्या मुलीला एका खणात जुना, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा सापडला. तिच्या मैत्रिणींमध्ये सध्या अशा जुन्या कॅमेऱ्यांची भलतीच चलती आहे. "बाबा, याच्यावर ही चित्रं कसली?" तिने विचारले. वरच्या गोल चकतीवर एक चेहरा, एक डोंगर, एक धावणारा माणूस, एक चंद्र अशी चित्रे होती. हेच ते 'सीन मोड'. प्रश्न साधाच, पण उत्तर द्यायला बसलो आणि थेट २०१२ सालात जाऊन पोहोचलो.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आमची आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी मिनेसोटात आली होती. नात तेव्हा तीन वर्षांची. आजी-नातीचे फोटो काढायचे म्हणून आम्ही मुद्दाम तो कॅमेरा घेतला. पेशाने सॉफ्टवेअरवाले, तेव्हा माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. एवढे मन लावून आम्ही वाचलेले ते एकमेव पुस्तक, असे आमच्या सौ.चे मत आहे.

डिसेंबरात बर्फ पडला. आई नऊवारीवर जाड कोट, डोक्याला कानटोपी आणि पायात आमचे बूट अशा थाटात दारासमोर उभी राहिली. आम्ही ऑटोवर फोटो काढला. बर्फ राखेसारखा आला आणि आईचा चेहरा काळाठिक्कर! "मी काय इतकी काळी आहे होय रे?" आई म्हणाली.

त्याचे कारण असे. कॅमेरा बिचारा फक्त प्रकाश मोजतो. समोर काय आहे ते त्याला कळत नाही. जे दिसेल ते सरासरी करड्या छटेचे असणार, असे तो धरून चालतो. सगळीकडे पांढरे दिसले की त्याला वाटते, उजेड फार झाला, आणि तो प्रकाश कमी आत घेतो. स्नो मोड लावला की आपण त्याला सांगतो, "बाबा रे, हे खरोखरच पांढरे आहे." मग तो प्रकाश जरा जास्त घेतो. दुसरा फोटो आम्ही तसा काढला. बर्फ शुभ्र आला आणि आईचे हसणेही दिसले.

बाकीची चित्रेही अशीच. धावणारा माणूस म्हणजे शटर झटकन उघडून मिटायचे, त्यामुळे पळणारे मूल पुसट येत नाही. सूर्यास्ताचा मोड आकाशाचा केशरी रंग राखतो. एरवी कॅमेरा तो रंग चूक समजून दुरुस्त करू पाहतो. फटाक्यांच्या मोडमध्ये शटर काही सेकंद उघडे राहते, म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर नाहीतर कठड्यावर टेकवावा लागतो. थोडक्यात काय, कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले हे छोटे प्रोग्रॅम. कोणता चालवायचा, ते मात्र आपणच सांगायचे.

मग जानेवारीत संक्रांत आली. नातीला काळा फ्रॉक, अंगावर आजीने साताऱ्याहून आणलेले हलव्याचे दागिने. मोठे दिवे बंद करून समई लावली होती. ऑटोवर फोटो काढला, तर फ्लॅशने भिंत पांढरीफटक आणि ज्योती फिक्या. फ्लॅश बंद केला, तर रंग छान पण सगळेच हललेले, कारण मंद उजेडात शटर फार वेळ उघडे राहते. मग चंद्राच्या चित्राचा मोड लावला. यात आधी फ्लॅश पडतो, चेहरे उजळतात, आणि शटर आणखी थोडा वेळ उघडे राहून समईचा उजेडही टिपते. म्हणून फ्लॅश पडल्यावरही हलायचे नसते.

हे आम्हाला पाठ होते. पण आईला आम्ही एवढेच म्हणालो, "आई, इकडे बघ." जन्मभर तिने पाहिले होते की लख्ख उजेड पडला म्हणजे फोटो झाला. फ्लॅश पडताच ती वाकली आणि नातीच्या तोंडात तिळगूळ घालू लागली. फोटोत आई दोनदा आली. एक समोर बघणारी, स्पष्ट. दुसरी धुरकट, नातीकडे झुकलेली. आमचे बोट पुसायच्या बटणावर गेले. "राहू दे रे," आई म्हणाली, "तिळगूळ देतेय मी त्यात."

आई एप्रिलमध्ये परत गेली. पुन्हा इकडे येणे तिला जमले नाही. २०१५ साली ती गेली. त्या सहा महिन्यांत आम्ही शेकडो फोटो काढले, पण हलले, काळे आले म्हणून निम्मे जागच्या जागी पुसून टाकले. त्यांत काय काय होते, ते आता आठवतही नाही.

मुलीला आजी आठवत नाही. आम्ही तिला अभिमानाने बर्फातला फोटो दाखवला. तिने तो पाहिला आणि पुढे गेली. संक्रांतीच्या फोटोवर मात्र बराच वेळ थांबली. "यात आजी माझ्याकडे येतेय," ती म्हणाली. आता तोच फोटो तिच्या खोलीत लावला आहे. इतकी वर्षे आम्ही त्याला आमची चूक समजत होतो.

हल्ली फोन समोरचे दृश्य बरेचसे स्वतःच ओळखतो. तरीही, कॅमेरा काय करणार आहे ते समोरच्या माणसांना आधी सांगावे. आणि फोटो हलला म्हणून लगेच पुसू नये.

मुलांनो, आता तुमचा गृहपाठ. घरी गेल्यावर आजी-आजोबांचा एक हललेला फोटो शोधा आणि त्या वेळी काय चालले होते, ते आईबाबांना विचारा. मराठीतच, बरं का!