विजेत्याची वाट आणि सेमाडोह

परतवाड्याहून धारणीकडे निघालेला रस्ता बिहालीनंतर घाट चढू लागला, की वऱ्हाडचा काळ्या मातीचा, कपाशी-तुरीचा सपाट मुलूख दृष्टीआड होतो आणि सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील सागवानाचे अरण्य दोन्ही अंगांनी रस्त्याला येऊन भिडते. घटांगला चिखलदऱ्याचा फाटा सोडून पुढे गेले, म्हणजे सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागते. कोरकूंची वस्ती, वनखात्याच्या कुट्या आणि १९७४ साली घोषित झालेल्या मेळघाट व्याघ्रप्रकल्पाची ओळख करून देणारे छोटेखानी संग्रहालय, एवढाच या गावाचा पसारा. येथे मुक्कामाला येताना माझ्या मनात एक अनुबोधपट घोळत होता. मायकल वुड या ब्रिटिश इतिहासकाराने अलेक्झांडरच्या मोहिमेचा मार्ग ग्रीसपासून पंजाबपर्यंत आणि तेथून मकरानच्या वाळवंटापर्यंत स्वतः धुंडाळून बीबीसीसाठी केलेला आणि १९९८ साली चार भागांत प्रसारित झालेला तो अनुबोधपट मी निघण्यापूर्वीच पुन्हा पाहिला होता.

त्या चित्रणाचे खरे सामर्थ्य माझ्या मते विजेत्याच्या पराक्रमवर्णनात नाही; ते वाटेत आहे. इ. स. पू. ३३० मध्ये ज्याच्या सैन्याने पर्सेपोलिसचा राजप्रासाद जाळला, त्या पुरुषाला ग्रीकांचे ग्रंथ ‘महान’ म्हणतात, आणि इराणची जरथुष्ट्री परंपरा त्यालाच आजवर शापित म्हणून स्मरते. हे दोन्ही स्वर एकाच प्रवासात ऐकू यावेत, यासाठी माणसाला डोंगर, नदी आणि वाळू पायांखालून घालावी लागते. अलेक्झांडर इ. स. पू. ३२६ मध्ये बियासवरून माघारी फिरला. विंध्य-सातपुड्याचे दर्शन त्याला कधीच झाले नाही. परंतु वऱ्हाडच्या वाट्यालाही एक विजेता आलाच, आणि त्याने स्वतःला दुसरा सिकंदर म्हणवून आपल्या नाण्यांवर तशी मुद्रा उमटवली, हा योगायोग मला सिपनेच्या काठी बसल्यावर अधिकच अर्थपूर्ण वाटू लागला.

तो विजेता म्हणजे अलाउद्दीन खिलजी. इ. स. १२९६ मध्ये तो अद्याप सुलतान झालेला नव्हता. चुलता आणि सासरा असलेल्या दिल्लीच्या सुलतान जलालुद्दीनच्या वतीने कडा-माणिकपूरचा सुभा सांभाळणारा एक महत्त्वाकांक्षी सरदार होता. भेलशाच्या, म्हणजे आजच्या विदिशेच्या, स्वारीत देवगिरीच्या संपत्तीच्या वार्ता त्याच्या कानी गेल्या होत्या. चंदेरीवर स्वारी करतो अशा मिषाने त्याने फौज जमवली, दिल्लीला खरा बेत कळू दिला नाही, आणि तवारीखकार फिरिश्त्याच्या कथनाप्रमाणे सुमारे ८००० स्वार घेऊन तो थेट एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, येऊन ठेपला. चुलत्यावर रुसून आपण राजमहेंद्रीच्या राजाच्या चाकरीस चाललो आहोत, अशी हूल त्याने येथे उठवून दिली, आणि थोडी विश्रांती घेऊन देवगिरीकडे कूच केले. तेथील राजा रामचंद्रदेव यादवाला त्याने गाफील गाठले. तहात अपार सोने, रत्ने आणि अचलपूर प्रांताचा वसूल त्याच्या पदरात पडला. त्याच द्रव्याच्या जोरावर, चुलत्याचा खून करवून, त्याने त्याच वर्षी दिल्लीचे तख्त बळकावले.

आता तवारीखकारांची लेखणी पाहा. चंदेरी येते, एलिचपूर येते, देवगिरी येते. चंदेरी आणि एलिचपूर यांच्या मधोमध नर्मदा वाहते, तापीचे खोरे पसरते आणि सातपुड्याच्या रांगांमागून रांगा उभ्या राहतात, त्यांच्यासाठी मात्र शाई खर्ची पडलेली नाही. आठ हजार घोड्यांना रोज पाणी लागते, वैरण लागते, चढावर दम घ्यायला सपाटी लागते. वाट दाखवायला जंगलाचा माहितगार लागतो, आणि तो राजीखुशीने येतो असे नाही. हिवाळ्यात सिपनेचे पात्र खडकाखडकांतून वाहते, मध्येच रुंद, निळसर डोहांत साचते, आणि वाकलेल्या बांबूंच्या सावलीत त्या पाण्याचा तळ स्वच्छ दिसतो. अलाउद्दीन नेमक्या याच खोऱ्यातून उतरला, असा दावा मला करायचा नाही. मात्र उत्तरेकडून वऱ्हाडात उतरणाऱ्या प्रत्येक फौजेला असल्याच दऱ्याखोऱ्यांचे ऋण घ्यावे लागले, आणि ते ऋण कोणत्याही दरबाराने दप्तरी नोंदवले नाही.

अपवाद म्हणावा तो एक, तोही पाच शतकांनंतरचा. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांची फौज मोडल्यानंतर आर्थर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. हा वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून जगभर गाजला. बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ मध्ये बांधलेला, इमादशाहीच्या फतहुल्लाने डागडुजी करून सजवलेला तो बेलाग किल्ला दक्षिणेकडून घेणे दुष्कर होते. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी ७ ते १२ डिसेंबरपर्यंत डोंगरांतून वळसा घालून उत्तरेच्या बाजूस नेण्यात आली. अवजड तोफा आणि दारूगोळा माणसांनी हातांनी ओढत नेला, आणि ज्या वाटेने न्यायचा ती वाटही आधी त्यांनाच तोडून काढावी लागली, हे खुद्द वेलस्लीने आपल्या खलित्यात लिहून ठेवले. १५ डिसेंबरला तटाच्या खिंडारातून हल्ला होऊन किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामास आला, आणि दोनच दिवसांत देवगावचा तह होऊन वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. खलित्यातील ते तोफा ओढणाऱ्या हातांचे वाक्य मला त्या मोहिमेतील सर्वांत मोलाचे वाटते.

सेमाडोहच्या परिसरात कोरकूंची घरे गल्लीच्या दोन बाजूंनी समोरासमोर ओळीने उभी असतात; कुडाच्या भिंती शेणामातीने सारवलेल्या, अंगणे झाडून लख्ख. त्यांची भाषा मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची दूरची बहीण. संस्कृत आणि फारसी या दोन्ही दरबारी भाषांच्या आधीपासूनची वस्ती या डोंगरांत असावी, असे ती बोलते. मृतांच्या स्मरणार्थ कोरकू सागवानी खांब कोरतात, त्यांनाही मुंडाच म्हणतात. मी पाहिलेल्या खांबावर वर सूर्य आणि चंद्र होते, खाली घोडेस्वार. पावसापाण्याने लाकडाच्या शिरा उघड्या पडल्या होत्या, पण घोड्याची मान आणि लगाम धरलेला हात बोटाने चाचपता येत होता. कुटकी-ज्वारी पिकवणाऱ्या, मोहाची फुले वेचणाऱ्या माणसाच्या स्मारकावर स्वार कोरलेला पाहून मी बराच वेळ तेथून हललो नाही.

पाऊलवाटा शोधण्याचे काम मराठीला नवे नाही, याचा वऱ्हाडाने अभिमान धरावा. अलाउद्दीन अचलपुरास येण्याच्या थोडीच वर्षे आधी, अमरावतीजवळच्या ऋद्धिपुरात, म्हाइंभट हे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी माणसामाणसांना विचारून, गावोगाव हिंडून गोळा करीत होते. त्यातून लीळाचरित्र सिद्ध झाले. पुढे खिलजी फौजांच्या धाडीत मूळ पोथी नष्ट झाली आणि हिराइसा या शिष्येच्या मुखोद्गत पाठामुळे ती पुन्हा उभी राहिली, असे महानुभाव परंपरा सांगते. चौदाव्या शतकातील स्थानपोथीने तर गुरूंचे पाय जेथे जेथे लागले ती एकूण एक जागा टिपली : देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, गावाच्या कोणत्या अंगाला आहे, पडवी कोठे, ओढा कोठे. ज्याने मुलूख जिंकला त्याच्या वाटेतले डोंगर अनामिक राहिले, आणि जो भिक्षा मागत फिरला त्याने टेकलेल्या ओसरीचीही दिशा लिहून ठेवली गेली.

स्थानपोथीच्या त्या निष्ठेने कोणी अलाउद्दीनच्या स्वारीचा अनुबोधपट करील, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्याने कड्याहून निघावे, चंदेरी, भेलसे पाहावे, नर्मदा उतरून तापीच्या खोऱ्यात यावे. मग सेमाडोहसारख्या गावी पुष्कळ दिवस राहावे, कोरकू बोलणारा सोबती घ्यावा, हिवाळ्यात कोणत्या डोहाचे पाणी टिकते, घोडा चढेल अशी सोंड कोणती, एवढ्या फौजेला पुरेल असे कुरण कोठे, हे गावच्या वृद्धांना विचारत प्रत्येक घाट पायी उतरावा. अचलपुराच्या वेशीत शिरण्यापूर्वी त्याच्या वहीत ही सारी ठिकाणे नावानिशी असावीत, आणि देवगिरीचा तट त्याने त्यानंतरच दाखवावा.