किल्ली कुणाकडे आहे?

परवा सकाळी आमच्या पतसंस्थेतल्या ताईंचा फोन आला. "दादा, मेल उघडताना परत ते 'कनेक्शन सुरक्षित नाही' आलंय. नेहमीसारखं 'पुढे जा' दाबू ना?"

त्या 'नेहमीसारखं'नेच माझी झोप उडाली.

मी तिथला सभासद. कॉम्प्युटरचं काम येतं म्हणून अडलं की मेल सर्व्हरकडे बघतो. सर्टिफिकेटची मुदत संपली होती. संस्थेने वाइल्डकार्ड घेतलंय, म्हणजे वेबसाइट, मेल, पोर्टल सगळ्यांना मिळून एकच. वेबसाइटवर नवीन चढवलं, मेलवर चढवायचं राहून गेलं. ब्राउझरमध्ये कुलूप दिसतंय म्हटल्यावर कोण बघतंय!

ठेकेदाराकडे फाइल मागितली. पठ्ठ्याने झिप थेट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. आत सर्टिफिकेट आणि सोबत प्रायव्हेट की! विचारलं तर म्हणे, "त्यात काय एवढं, मागच्या वर्षीपण असंच पाठवलेलं."

मंडळी, सर्टिफिकेट जगाला दाखवायचं असतं, की कुणालाच नाही. आणि वाइल्डकार्डची की हातात असली, की मेल असो वा पोर्टल, संस्थेच्या कुठल्याही नावाचं सोंग घेता येतं. त्या मेलवर लोकांची आधार कार्डं येतात, पगाराच्या स्लिपा येतात, कर्जाचे कागद येतात.

शेवटी ठेकेदाराला नव्या कीवर वाइल्डकार्ड परत काढायला लावलं, जुनं रद्द करवलं. मेलला लेट्स एन्क्रिप्टचं वेगळं, फुकटचं घेतलं. त्याची की सर्व्हरवरच तयार झाली, तिथून बाहेर गेलीच नाही. चूक माझीही झाली. मधल्या सर्टिफिकेटची साखळी जोडायला विसरलो. माझ्या लॅपटॉपवर मस्त चाललं, मॅनेजरसाहेबांच्या मोबाइलने नकार दिला. पूर्ण साखळी घातली, पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट दोन्ही रीलोड केले, तेव्हा कुठे जमलं. फाइल बदलली तरी रीलोड केल्याशिवाय डोव्हकॉट जुनंच दाखवत बसतो.

आता नूतनीकरण आपोआप होईल, रीलोडसकट. दुसरा इलाजच नाही. सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून फक्त ४७ दिवस, असं ठरलंय. डायरीत तारीख लिहून हे निभणार नाही.

संचालकांना सांगितलं. "मेल चालू झाला ना? मग झालं तर!" विषय संपला.

ताईंनी मात्र विचारलं, "आता परत लाल आलं तर?"

"दाबायचं नाही. आधी मला फोन."

"मग इतकी वर्षं आम्ही दाबत होतो ते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक त्यांची नव्हतीच. इशारा आला की पुढे जायचं, ही सवय आपणच लावली.

तुमच्या पतसंस्थेत, शाळेत, सोसायटीत दोनच प्रश्न विचारा. सर्टिफिकेटची मुदत कधी संपते? आणि किल्ली कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये आहे?