पडदा पडल्यानंतर

लायबेरियातील यादवी युद्ध थांबविण्यासाठी झटलेल्या स्त्रियांचा विषय वर्गात निघाला, की आम्हां साहित्याच्या वाचकांना ॲरिस्टोफेनिसची ‘लिसिस्ट्राटा’ आठवते. पतिशय्येवरील बहिष्काराची गोष्ट सांगून आम्ही मोकळे होतो. परंतु २००३ साली मन्रोव्हियात, मासळीबाजाराजवळ, पांढऱ्या वस्त्रांतील ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रिया उन्हापावसात एकत्र बसून राहिल्या, हे त्या सुखात्मिकेत मावत नाही. ऑगस्टमध्ये आक्रा येथे करार झाला. नाटक असते तर इथे पडदा पडला असता. त्यांचे काम मात्र पुढे चालूच राहिले : शस्त्रे खाली ठेवलेल्या बालसैनिकांना गावाने पुन्हा आपले म्हणावे यासाठी खपणे, २००५च्या निवडणुकीसाठी स्त्रियांची मतदारनोंदणी करणे. साहाय्याची खरी गरज असते ती या दीर्घ, नाट्यहीन काळात. आमच्या वाचनानेही तिथवर जायला हवे.