अर्धं शटर

पूर्ण वर गेलेल्या शटरकडे कोणी बघत नाही. ते दुकानाच्या कपाळाशी गुंडाळी होऊन बसतं आणि दिवसभर लोक त्याच्या खालून ये-जा करतात. पूर्ण खाली आलेलं शटर मख्ख. दोन बाजूंना दोन कुलपं, विचारायचं काही कारणच नाही. स्वभाव असतो तो अर्ध्यावर थांबलेल्या शटरला. ते दुकान बंद आहे असं म्हणत नाही, उघडं आहे असंही म्हणत नाही. "आहे का कोणी?" हा प्रश्न फक्त त्याच्याचसमोर उभं राहून विचारला जातो.

असं एक शटर नगरच्या सावेडीत, आमच्या घराच्या समोर आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचं आणि शहराचं नाव अहिल्यानगर झालं. दुकानाच्या पाटीवर ते रंगवून झालं आहे, दुकान चालवणाऱ्या समोरच्या वहिनींच्या तोंडी मात्र अजून नगरच येतं. त्यांचा बंगला बांधला तेव्हा या जागेत गाडी लावायचं ठरलं होतं. गाडी रस्त्यावर आली, आत फरशी घातली, समोर लोखंडी शटर बसलं आणि बघता बघता भिंतींना पडदे, दिवाण सेट, तोरणं, कृत्रिम फुलं, धावत्या सात घोड्यांची तसबीर आणि एक भलामोठा हसरा बुद्ध लागला. बुद्ध अजून विकला गेलेला नाही. मागच्या भिंतीतलं दार थेट स्वयंपाकघरात उघडतं. गल्ला आणि गॅसची शेगडी यांच्यात आठ-दहा पावलं. त्या पावलांचं भाडं द्यावं लागत नाही म्हणून दुकान टिकलं, आणि ती पावलं इतकी थोडी म्हणूनच शटर अर्ध्यावर राहू लागलं.

दिसायला ते देखणं नाही. करड्या रंगाचा ऑइल पेंट खालच्या दोन पट्ट्यांवरून उडाला आहे. डावीकडे एक पोचा आहे. मालाचा टेम्पो मागे घेताना तो पडला. सकाळी दहाच्या सुमाराला मुलांच्या शाळेची गाडी गेली, सासूबाईंचा चहा-नाश्ता झाला की वहिनी आकडीने ते वर ढकलतात. त्याचा खडखडाट आमच्या गल्लीचं घड्याळ आहे. पण हे सगळं कुठल्याही शटरबद्दल सांगता येईल. याचं वेगळेपण दीड वाजता सुरू होतं.

दीड वाजता ते कमरेपर्यंत खाली येतं.

ते तिथे थांबतं कसं, हे मला एका मिस्त्रीने समजावलं होतं. वर जो आडवा पाइप असतो, ज्याच्याभोवती शटर गुंडाळलं जातं, त्यात स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढलं की स्प्रिंगला पीळ बसतो. जितकं खाली याल तितका पीळ वाढतो आणि तितकंच खाली लोंबणारं लोखंडाचं वजनही वाढतं. वजन खाली खेचतं, पीळ वर खेचतो. दोन्ही तुल्यबळ असतील तर शटर सोडाल तिथे राहतं. वर्षानुवर्षांच्या वापराने स्प्रिंग सैल पडते, मग वजन जिंकतं आणि शटर हळूहळू उतरायला लागतं. वहिनींचं शटर आता तसंच झालं आहे. त्यावर त्यांनी काढलेला उपाय मात्र दुकानाला शोभणारा आहे. पडद्याचा एक पाइप वाहतुकीत वाकला, गिऱ्हाइकाने नाकारला. तो कापून त्यांनी शटरखाली टेकू दिला. नवी स्प्रिंग बसवायला त्या तयार नाहीत असं नाही. "आधी दसरा होऊ दे," म्हणतात. दसरा झाला की दिवाळी येते, आणि दिवाळी झाली की लग्नसराई.

हे अर्धं शटर वाचायला शिकावं लागतं. कमरेइतकं असेल तर आत जेवण चाललं आहे, हाक मारली तर चालेल. गुडघ्याइतकं असेल तर सासूबाईंना दवाखान्यात नेलं आहे किंवा धाकट्याला ताप आहे. घाई असेल तरच शेजारी विचारा. वीतभर फट असेल तर परीक्षा. थोरला आत गल्ल्यावर वही पसरून बसलेला असतो, कारण घरात टीव्ही आणि आजी, आणि दुकानात तेवढी शांतता मिळते. जुनी गिऱ्हाइकं हे बरोबर ओळखतात. नवी येतात ती वाकून थेट आत शिरतात आणि हातात भाताचा घास असलेल्या बाईला कड्यांच्या पडद्याचा भाव विचारतात.

मग वहिनी दुपारी सरळ बंद का करत नाहीत? मीही असं एकदा विचारलं. उत्तर एसटीच्या वेळापत्रकात होतं. सावेडीतली गिऱ्हाइकं संध्याकाळी येतात, पण दुपारची गिऱ्हाइकं असतात राहुरीकडची, जेऊरची, पांढरीपुलापलीकडची. सकाळचं दूध घालून, घरचं आवरून निघालेली बाई नगरला पोचते तेव्हाच बारा वाजलेले असतात. आधी दवाखाना, बँक किंवा तहसीलचं काम, मग खरेदी. तारकपूरहून परतीची गाडी पकडायची असते. तिला "साडेचारला या" सांगणं म्हणजे "येऊ नका" सांगणं. आपल्या जिल्ह्यात घर सजवायचा पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो, उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा येतं, कांद्याचं तर बोलायलाच नको. ज्या दिवशी पैसा हातात असतो त्याच दिवशी सात फुटी दाराचे चार आणि पाच फुटी खिडकीचे दोन पडदे घेतले जातात. दुसऱ्या दिवशी तो पैसा खताच्या दुकानात गेलेला असतो. वहिनींना हे कोणी शिकवलं नाही. शटरखालून वाकून आत येणाऱ्या पायांवरून त्या ते शिकल्या. धूळ लागलेल्या चपला दिसल्या की त्या ताट झाकून उठतात. "या ताई, बसा, पाणी घ्या" म्हणतात. पॉलिश केलेले बूट दिसले तर आतूनच सांगतात, "जेवतेय, पाच मिनिटं थांबा."

अहमद निजामशहाने १४९० च्या सुमाराला वसवलेल्या जुन्या शहरात, कापड बाजारात गेलात तर असं शटर फारसं दिसणार नाही. तिथली शटरं सकाळी वर जातात ती रात्रीच खाली येतात. मालक दुकानातच जेवतो, डबा घरून येतो. डबा करायला घरी कोणीतरी आहे, म्हणून तिथलं शटर दुपारी वर राहू शकतं. हे कोणत्याच खतावणीत नोंदलेलं नसतं. वहिनींच्या दुकानात डबा करणारीही त्याच आणि गल्ल्यावर बसणारीही त्याच. तेव्हा त्यांचं शटर अर्धंच राहणार.

वहिनींचे यजमान नागापूर एमआयडीसीत नोकरीला आहेत, पाळीनुसार. माणूस सज्जन, कष्टाळू. सुट्टीच्या दिवशी दुकान ते सांभाळतात. त्या दिवशी शटर एक तर पूर्ण वर असतं, नाहीतर पूर्ण खाली. दुकानात असले की ते दुकानात असतात, आणि जेवायला बसले की दुकान बंद. "अगं, नऊ फुटी कुठे ठेवलेत?" एवढी एक हाक मात्र अधूनमधून मागच्या दारातून आत जाते. त्यांना अर्धं शटर जमत नाही. मला वाटतं, आपल्याकडच्या बहुतेक पुरुषांना ते जमत नाही. जमवायची वेळच आलेली नसते.

कायद्यालाही हे शटर दिसत नाही. पूर्वी दुकान म्हटलं की 'गुमास्ता' परवाना काढावा लागे, आठवड्याची सुट्टी पाळावी लागे. १९४८ च्या कायद्याच्या जागी महाराष्ट्रात २०१७ चा नवा कायदा आला. आता अशा छोट्या दुकानाला नोंदणीची गरज नाही, नुसती सूचना दिली की पुरतं, आणि दुकान वर्षभर रोज उघडं ठेवता येतं. सवलत चांगली आहे. पण कामाचे तास, विश्रांतीची वेळ, भरपगारी रजा हे जे काही त्या कायद्यात आहे ते पगारी माणसांसाठी. स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर असलेल्या बाईची विश्रांती कोण ठरवणार? कमरेइतकं शटर ठरवतं, आणि तेही गिऱ्हाइकाने ऐकलं तर. २०२२ मध्ये सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली तेव्हा वहिनींनी पाटी नव्याने करून घेतली, त्यावर ठळक अक्षरात 'वेळ : सकाळी १० ते रात्री ८.३०' असंही लिहून घेतलं. दुपारचा उल्लेख नाही. दुपार शटरवर सोडली आहे.

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र सगळं उलटं होतं. दुपारी शटर पूर्ण वर आणि रात्री अकराला अर्ध्यावर. खालून उजेड बाहेर सांडलेला, आत मखर बघणारी माणसं. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा या धंद्याला धक्का बसला होता. वहिनींनी कापडी पडद्यांच्या झालरी, घडीची मखरं आणि कागदी फुलं आणून तो भरून काढला. या पंधरवड्यात घरात रोज खिचडी. धाकटा म्हणतो, "मम्मी, आपला गणपती उकडीचे मोदक खातो की मुगाची खिचडी?" पाठोपाठ गौरी येतात. लोकांच्या गौरींसाठी साड्यांच्या रंगाला जुळतील अशा माळा निवडून देता देता स्वतःच्या घरच्या गौरींच्या वाट्याला उरलेली झालर येते. सासूबाई यावर काही बोलत नाहीत, फक्त हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांना सांगतात, "आमच्याकडे दुकान आहे ना." या वाक्यात अभिमान किती आणि तक्रार किती, हे मला अजून उमगलेलं नाही.

दसऱ्याला शटरची पूजा होते. खालच्या पट्टीवर कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडूचं तोरण. दुकानात कृत्रिम झेंडूच्या माळांचा ढीग असतो, तरी शटरला माळ खऱ्या फुलांचीच. सवय मोडायची नाही, असं वहिनींचं म्हणणं. मला तो त्यांच्या मालावरचा प्रामाणिक शेरा वाटतो.

२०२० च्या टाळेबंदीत या शटरने वाईट दिवस पाहिले. पडदे काही अत्यावश्यक सेवेत बसत नाहीत. यजमानांच्या पाळ्या बंद, पगार कापलेला, आणि पूर्ण खाली असलेलं शटर. तेव्हा गावोगावी अर्धं शटर हाच गुन्हा ठरला होता. फोनवर सांगायचं, फूटभर उचलायचं, माल सरकवायचा, पाडायचं. वहिनींनी ते केलं की नाही हे मी सांगणार नाही. ज्या दिवशी परवानगीने ते पूर्ण वर गेलं त्या दिवशी खडखडाट ऐकून गल्लीतले लोक गॅलरीत आले होते, एवढं सांगतो.

नगरपासून फार लांब नाही, नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना परंपरेने दारं नाहीत, कुलपं नाहीत. २०११ मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखाही काढली. आडोशाला पडदा लावलेला मात्र चालतो. हे कळल्यापासून वहिनी तिथे शाखा काढायची गंमत करतात. पण लगेच म्हणतात, "नको, तिथे शटर नाही. मी जेवायला बसलेय हे लोकांना कळायचं कसं?"

वहिनींचा थोरला मोठा झाला की गल्ल्यावर बसेल, सून आली की हातभार लागेल, असं गल्लीतली वडीलधारी माणसं बोलतात. मला त्यात अर्थ दिसत नाही. सून आली तरी शटर तेच, आणि दीड वाजता कमरेपर्यंत ओढणारा हात फक्त बदलेल. मुलगा आणि त्याचे बाबा स्वयंपाकघराच्या बाजूची ती आठ-दहा पावलं चालायला शिकले, तर काही फरक पडेल. धाकट्याने सुरुवात केली आहे. त्याला कुकर लावता येतो.

तुम्ही सावेडीत, केडगावात, श्रीरामपुरात किंवा संगमनेरात अशाच एखाद्या घरगुती दुकानाच्या आसपास राहत असाल, तर एवढंच करा. दुपारी शटर अर्ध्यावर दिसलं आणि तुम्हाला नुसता भाव विचारायचा असेल, तर साडेचारनंतर जा. दुपारची वेळ ज्यांना एसटी पकडायची आहे त्यांच्यासाठी सोडा.