चढावरचे दोन सेकंद
आमच्या घरी सहा गियरची स्पोर्ट्स गाडी आली आणि जुन्या गाडीवर तयार झालेले आमचे पाय पुन्हा बालवर्गात जाऊन बसले. क्लच कडक, आणि पकड एकदम घेतो.

जुन्या गाडीत चढावर हँडब्रेक ओढून ठेवायचा, हाफ क्लचवर इंजिनाचा आवाज बदलला की सोडायचा. (हाफ क्लचवरच गाडी तोलून धरण्याची काहींना हौस असते, झिजते ती क्लच प्लेट.) या गाडीत 'हिल असिस्ट' आहे. ब्रेकवरून पाय काढला तरी ब्रेकचा दाब साधारण दोन सेकंद टिकतो. तेवढ्यात क्लचने पकड घ्यायला हवी, नाहीतर गाडी मागे घसरते.

गोव्याहून बेळगावला परतताना चोर्ला घाटात भर चढावर वाहने थांबली. मागे अगदी चिकटून मालट्रक, आणि मागच्या सीटवर आई.

"हँडब्रेक लाव की रे!"

"थांब गं, धरतीय गाडी."

ब्रेक सोडला. गाडी जागची हलली नाही. क्लच हळूच वर घेतला, बॉनेट किंचित उचलल्यासारखे झाले, एक्सलरेटर दिला आणि निघालो. आई चोर्ला गावापर्यंत काही बोलली नाही.